चाचणीच्या दिवसाचं लोणी

९ जानेवारी

दादा,

फोन तू घेत नाहीस. चुकून घेतलास तर "कोण?" म्हणतोस आणि मी "मी" म्हटल्यावर वहिनीच्या हातात देतोस. बहिणीचा आवाज म्हणजे काय विमा विकणाऱ्याचा आवाज आहे? म्हणून आता पत्र. पत्राला "कोण?" विचारता येत नाही, आणि माझं अक्षर इतकं वाईट आहे की पाकीट बघूनच तुला कळलं असेल.

बातमी अशी की मला बढती मिळाली. अन्नसुरक्षा खात्याचा दूध विभाग आता माझ्याकडे. दुधाबद्दल सरकारचा जो नियम निघेल, तो आधी माझ्या टेबलावरून जाणार. चौथ्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली आहे. तिला खिडकीही आहे, पण ती उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर टेकेल एवढी जवळ. कपाट लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. शिपायानं पहिल्याच दिवशी शिकवलं, "मॅडम, खालच्या कोपऱ्यात घाला, वर घातली की आणखी अडकतं." उमेदीची वर्षं जनावरांच्या लाथा खाण्यात गेली, आता लाथा घालायची पाळी माझी. हे तुला सांगून हसवावं असं वाटलं. मग आठवलं, आपण बोलत नाही.

त्या सुनावणीला आता तीन वर्षं होतील. शाळेचा हॉल, बाकांवर तुम्ही सगळे गोठेवाले, समोर खुर्च्यांवर आम्ही खात्याची माणसं. नियम मीच वाचून दाखवला. ज्या गोठ्यात गाभ टाकण्याचा संसर्ग सापडेल तिथली रोगी जनावरं मारायची, आणि गोठ्यातल्या माणसाला त्याच संसर्गाचा ताप आला तर डॉक्टरनं लगेच आम्हाला कळवायचं. तू उभा राहिलास आणि सगळ्यांदेखत विचारलंस, "डॉक्टरीणबाई, शेवटची धार कधी काढलीत?" हॉल खो-खो हसला. मी म्हटलं, "पुढचा प्रश्न." एवढंच झालं. घरी येऊन मी तुझ्याशी कडाकडा भांडणार होते, पण तू दाराला आतून कडी घातलीस.

हे माफीचं पत्र नाही, गैरसमज नको. नियम तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. शिवाय तुझी एक मागणी मी मान्य केली होती, ती तू कुणाला सांगत नसशील. तू म्हणाला होतास, "चोरासारखे अचानक येऊ नका. दुधाचा नमुना घ्यायचा दिवस आधी कळवा." खात्यात सगळे विरोधात होते. मी साहेबांशी भांडून ते कलम घालून घेतलं. हे भावासाठी नाही, असं त्यांना छातीठोकपणे सांगितलं. तुला खरं काय ते ठाऊक आहे.

अभिनंदनाची एक ओळ पुरे. ते जमत नसेल तर शिवी चालेल.

तुझी,
टोचणी
(हे नाव तूच ठेवलं होतंस. मी सुई हातात धरण्याच्या कितीतरी आधी.)


२० फेब्रुवारी

दादा,

लोणी पोचलं! गेल्या महिन्यात पहिला डबा आला तेव्हा वाटलं, वहिनीनं आपल्या मनानं पाठवला. पण काल दुसरा आला. तुला न विचारता वहिनी दोनदा डबा पाठवेल? तिची एवढी छाती नाही. म्हणजे हे तुझंच काम. एक ओळ लिहायला जीव जातो आणि डबाभर लोणी पाठवतोस. असाच आहेस तू. लहानपणी मला बदडलंस की संध्याकाळी माझ्या दप्तरात भाजलेल्या शेंगा सापडायच्या.

रागावू नकोस, मी ते कढवलं. कच्च्या दुधाचं लोणी तसंच तोंडात घालणं आता मला जमत नाही, धंद्याची खोड. वास असा सुटला की शेजारीण दार वाजवून विचारायला आली, "कुठून आणता हो?" मी म्हटलं, "भावाकडून येतं." तीन वर्षांत हे वाक्य बोलायची वेळच आली नव्हती. दार लावलं आणि मला भरून आलं.

तर आता तू अर्धा बोललास असं धरून मीही थोडं बोलते. गोठ्याशेजारी तू माझ्यासाठी जनावरांच्या दवाखान्याची खोली बांधलीस, भिंती स्वतः रंगवल्यास, आणि दोन वर्षांत मी ती सोडून गेले. तुला वाटतं, मला खुर्चीची हाव होती. कारण तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस, नुसता फुगून बसलास.

ती शिंपीण आठवते? कोपऱ्यावर मशीन घेऊन बसायची, दारात दोन बकऱ्या. लागोपाठ तीनदा तिचं मूल पोटातच गेलं. लोक तिच्याबद्दल नाही नाही ते बोलायचे. एकदा बकरीला तपासताना मला शंका आली, मी तिचं रक्त काढून पाठवलं, आणि गाभ टाकण्याचा तोच संसर्ग निघाला. बकऱ्यांचा रोग. कच्च्या दुधातून तिला झालेला. मी सांगायला गेले तेव्हा ती काज करत होती. रडली नाही, ओरडली नाही. दोरा तोडून म्हणाली, "मग बकऱ्यांच्या डॉक्टरला हे आधी नाही का हो कळत?" एका वेळी एक बकरी बघणारी डॉक्टर कुठवर पुरणार? म्हणून गेले. आधी कत्तलखान्यात, रबरी बूट घालून, सुरीनं गाठी कापून बघत. तिथं सगळं कळतं, पण जनावर मेल्यावर. मग कागदाच्या कामाला आले. तू त्याला कागद म्हणतोस. मला त्यात ती शिंपीण दिसते.

वहिनी म्हणाली, तुला मधूनमधून ताप येतो. अंगावर काढू नकोस.

टोचणी


२९ मार्च

दादा,

या महिन्यात डबा आला नाही. मी आपली रोज खाली उतरून चौकशी करायचे, पार्सल आलं का, पार्सल आलं का. चौकीदाराला वाटलं असेल, बाईचं काहीतरी किमती हरवलंय.

मग वहिनीचा फोन आला. शेजारणीकडून केला होता, दबक्या आवाजात. "वन्सं, तुम्ही यांना लोण्याचं कशाला लिहिलंत? मीच पाठवत होते, यांना पत्ताच नव्हता. पत्र वाचून कसले खवळले! म्हणाले, त्या दिवसाचं लोणी घराबाहेर जाता कामा नये."

मी विचारलं, "त्या दिवसाचं म्हणजे कुठल्या?"

"अहो, तुमची माणसं महिन्याला नमुना घ्यायला येतात ना, त्या दिवसाचं. त्या दिवशी केंद्रावर न्यायच्या आधीच हे सगळ्या दुधाची मलई काढून ठेवतात. कशाला म्हणून विचारलं तर म्हणतात, मलईचं मशीन नीट चालतंय का बघतोय. आता एवढी मलई टाकवते का? मी घुसळते."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवून बसून राहिले. शिपाई दोनदा डोकावून गेला, चहा गार झाला म्हणून त्यानं दुसरा आणला, तोही गार झाला.

कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी काचेच्या नळ्या आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन घरी आले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीत नळ्या मांडून तुला दाखवलं. केंद्रावर आमची माणसं आजही हीच चाचणी करतात: दुधात निळे थेंब टाकायचे आणि नळी उबेला ठेवायची. गाय रोगी असेल तर मलई वर चढताना निळा रंग आपल्याबरोबर ओढून नेते आणि वर निळं कडं धरतं. तू किती वेळ वाकून बघत होतास. मग विचारलंस, "आणि मलईच नसली तर?" मी टाळी वाजवली. म्हटलं, "तर कडं कशाला धरेल? रोगी गाय निरोगी दिसेल." सुट्टी संपल्यावर कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचा दादा बघा काय विचारतो.

फॅट जरा कमी लागली तर केंद्रावरच्या माणसाची गचांडी धरणारा तू. महिन्यातून एकदा आपल्या हातानं पाणचट दूध नेऊन घालतोस आणि गप्प घरी येतोस. आणि मला वाटलं, दादाला माझी आठवण येते.

किती गाई गाभडल्या, दादा? आणि गर्भाची वार आत अडकली तेव्हा हात घालून तूच काढलीस ना, उघड्या हातानं, नेहमीसारखी?


३ एप्रिल

दादा,

मागच्या पत्राखाली सही करायचीही राहिली. आता डोकं ठिकाणावर ठेवून लिहिते.

तुला ताप संध्याकाळी चढतो. पहाटे घामानं चादर भिजते. सकाळी बरं वाटतं आणि तू म्हणतोस, काही नाही, वय झालं. कंबर धरते, सांधे ठणकतात, जेवण जात नाही. आधी चिडचिड होती, आता नुसता गप्प बसतोस. यातलं अर्धं मला वहिनीनं सांगितलं, अर्धं मी न बघता सांगते. एक जरी गोष्ट चुकली असेल तर उलट टपालानं कळव, मी नोकरी सोडते.

हा गोठ्यातलाच ताप आहे. याला औषध आहे. काही आठवडे गोळ्या, थोडी इंजेक्शनं, नेमानं घेतली की माणूस खडखडीत बरा होतो. पण अंगावर काढला तर तो हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतो. मग डॉक्टरच्या हातात फारसं उरत नाही. भीती घालत नाही, दादा. मलाच भीती वाटते आहे.

तू डॉक्टरकडे का जात नाहीस ते मला कळलं आहे. डॉक्टरला आम्हाला कळवावं लागतं, आणि आम्ही आलो की गोठ्यातली प्रत्येक गाय तपासणीच्या सुईखाली जाते. ते कलमही माझंच. सुनावणीत मागच्या बाकावरचा एक म्हातारा म्हणाला होता, "बाई, अशानं लोक ताप लपवतील." मी त्याला म्हटलं होतं, "स्वतःच्या जिवापेक्षा गाय कुणाला प्यारी असते, आजोबा?" तो नुसता तुझ्याकडे बघत होता. आता कळतं का ते.

मी हे कलम बदलायचं टिपण दिलं आहे. आधी माणसाला औषध, कुणालाही न कळवता, गोठ्याचं नंतर. पण आमच्याकडे फाइल गोगलगायीच्या पाठीवरून फिरते. तुझ्या झडपेला एवढा वेळ नाही.

आणि तुझी लेक. वहिनी कौतुकानं सांगत होती, "पोरीला दिवस गेलेत, तरी बाबांना बरं नाही म्हणून रोज धार काढायला येते." तुझ्या जिवाशी तू खेळ, तुझा हट्ट मला नवा नाही. पण ती रोगी गाईच्या कासेखाली बसते आहे आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही.

डॉक्टरकडे जा. दादा, हात जोडते.


११ एप्रिल

दादा,

काल मी आले होते, हे तुला ठाऊक आहे. फाटकाशी उभी राहिले. तू गव्हाणीत चारा टाकत होतास, पाठमोरा. केवढी वाळली आहे रे तुझी पाठ! शर्ट दांडीवर टाकल्यासारखा दिसत होता. हाक मारली, तू वळला नाहीस. आपली हट्टी गाय मात्र वळली. तिचा जन्म झाला तेव्हा कंदील मी धरला होता, तिनं बरोबर ओळखलं.

मग तुझी लेक बाहेर आली. बिचारी लाजेनं अर्धी झाली होती. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात, सरकारी काम असेल तर कचेरीच्या वेळेत या." हसावं की रडावं मला कळेना. तिला मी तिथंच सगळं सांगितलं. गोठ्यात पाऊल टाकू नकोस, उद्याच रक्त तपासून घे. तिनं तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मग धार कोण काढणार?" तुझीच लेक.

ती उद्याही जाईल. तू जाऊ देशील, कारण तुला उभं राहवत नाही. म्हणून लिहिते आहे.

सोमवारी मी साहेबांना सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे काही करायचं नव्हतं म्हणून तुला आधी कळवते. त्याआधी तू स्वतः डॉक्टरकडे गेलास तर मला तोंड उघडावं लागणार नाही, आणि गाई जातीलच, पण बहिणीनं नेल्या असं तरी होणार नाही. हे पत्र मी टपालानं पाठवत नाही. माणसाच्या हाती पाठवते आहे, म्हणजे पोचलं नाही असं तुला म्हणता येणार नाही.

सोमवारपर्यंत वाट बघते. बघतेच आहे.

टोचणी


१७ एप्रिल

दादा,

सांगितलं.

साहेब चष्मा पुसत ऐकत होते. पुसून झाला तरी पुसतच होते. म्हणाले, "सख्खा भाऊ?"

"हो."

"निनावी तक्रार आली असं दाखवू का? माझ्यापर्यंत राहील."

भला माणूस. क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग तू आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेत बसला असतास. म्हटलं, "नको. माझंच नाव घाला."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग आता या फाइलला तुम्ही हात लावायचा नाही. गोठ्यावर जायचं नाही. त्यांच्याशी या विषयावर बोलायचंही नाही." मी म्हटलं, "बोलायची अडचण नाही, तो बोलतच नाही." साहेबांना हसू आलं नाही.

माझी कनिष्ठ डॉक्टर येईल. तरुण आहे, पण हात हलका आहे. मीच शिकवलंय तिला. रक्त काढताना गाईला कळतही नाही. तिच्यावर ओरडू नकोस, ओरडायचंच तर मी आहे.


९ मे

दादा,

काल गाई गेल्या. मला जायची बंदी होती, म्हणून दिवसभर खोलीत बसून दुसऱ्याच कुठल्या तरी नियमाचा मसुदा वाचत होते. एक ओळ कितीदा वाचली देव जाणे, आज विचारशील तर एक शब्द सांगता येणार नाही.

संध्याकाळी माझी कनिष्ठ परत आली. बूट न बदलताच माझ्या खोलीत शिरली आणि स्टुलावर बसली. तिनं सगळं सांगितलं. रोगी नसलेल्या चार कालवडी सोडल्या तर गोठा रिकामा करावा लागला. तुझंही रक्त तेच बोललं. डॉक्टरांनी त्याच दिवशी भरती व्हायला सांगितलं होतं, आणि तू म्हणालास, "गाई गेल्याशिवाय मी खाटेवर पडणार नाही." झडपेवर सूज आली आहे हे माहीत असताना.

ती म्हणाली, गाडी आली तेव्हा तू तिला बाजूला घेतलंस. "बाई, ही बुटकी. हिला मागून हाक मारू नका, बिथरते. काळीला डाव्या कुशीला हात लावलेला खपत नाही, उजवीकडून जा. ही म्हातारी आहे, हिला फळीवर चढताना जरा वेळ द्या, घाई करू नका." एकेकीचं सांगत होतास. आणि शेवटी हट्टी. "ही दोरीनं येणार नाही. हिच्या पुढं चालायचं आणि मागं वळून बघायचं नाही. येते आपोआप."

मग तूच तिच्या पुढे चाललास. गाडीपर्यंत. वळून बघितलं नाहीस, आणि ती आली.

एवढं सांगून माझी कनिष्ठ रडायला लागली. मी तिला पाणी दिलं, म्हटलं, "पहिल्यांदा होतं असं, सवय होते." वरिष्ठांनी असंच बोलायचं असतं. ती गेल्यावर मी कपाटाला लाथ घातली. वर घातली, खाली नाही.

दादा, मला एक सांग. तिला, परक्या पोरीला, एवढं सगळं सांगितलंस. मी तिथं असते तर मला सांगितलं असतंस का रे?


२२ जून

दादा,

कलम बदललं. दोन्ही कलमं. आता नमुना घ्यायचा दिवस आधी कळवायचा नाही, आणि माणसाचा ताप गोठ्याच्या कागदाला बांधायचा नाही. रुग्णाला आधी औषध, त्याचं नाव कुणालाही न सांगता. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. जो तो येऊन हात मिळवून गेला. सगळे म्हणाले, "बाई, एवढ्या लवकर बदल मंजूर झालेला आम्ही पाहिला नाही." मी धन्यवाद म्हणत होते. तुझ्या गोठ्याचं उदाहरण टिपणात घातलं होतं, नाव न घालता. त्यावरच मंजूर झालं.

मी दवाखान्यात आले होते. तू डोळे मिटून पडला होतास. झोपेचं सोंग तुला लहानपणीही जमायचं नाही, पापण्या हलतात. वहिनीनं मला स्टूल दिलं आणि पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं बाहेर गेली. मी बसले. तुझ्या हातावर सुईचे डाग होते, शीर सापडत नसावी. मला सापडली असती. गालावर थोडं मांस धरलंय. मग भेटीची वेळ संपली म्हणून परिचारिकेनं मला उठवलं.

आता खरं सांगते, आडपडदा नको. मला वाटलं होतं, तू बरा झालास की सगळं आपोआप बरं होईल. चार दिवस शिव्या देशील आणि मग कधीतरी फोन करशील. रोज फोन वाजला की वाटतं, तूच. मला फार एकटं वाटतं, दादा. आईबाबा गेल्यावर तूच होतास. मी जे केलं ते पुन्हा करावं लागलं तर पुन्हा करीन, पण त्याची किंमत तू असशील तर मला ती झेपत नाही.

एकदा "ये" म्हण. गोठ्याकडे नाही बघणार, स्वयंपाकघरात बसेन आणि जाईन.

तुझी,
टोचणी


४ ऑगस्ट

टोचणी,

पत्रं सगळी मिळाली. तुझी वहिनी म्हणते उत्तर द्या, म्हणून बसलोय. मला लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे.

मी बरा आहे. गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, बहिणीचे पाय धरा. मी म्हटलं, ती चौथ्या मजल्यावर बसते, एवढे जिने आता मला चढवत नाहीत. लेकीचं रक्त स्वच्छ निघालं. तिला मुलगी झाली. नाक तुझ्यावर गेलंय, पोरीचं कसं होणार कोण जाणे.

गोठा धुतला, चुना मारला. तुझी ती डॉक्टर येऊन बघून गेली, पास झालात म्हणाली. चार कालवडी आहेत, पण त्या दुभत्या व्हायला वेळ आहे; पुढच्या वर्षी नव्या गाई आणता येतील म्हणे. आणीन की नाही माहीत नाही. त्या सगळ्या आईच्या गाईच्या लेकी-नाती होत्या. बाजारातून आणलेली गाय माझी कोण? अजून पहाटे जाग येते. बादली उचलतो, मग परत ठेवतो.

दुसरी गाय गाभडली तेव्हाच मला कळलं होतं. दर महिन्याला मलई काढताना वाटायचं, आता बास. मग गाईंकडे बघायचो आणि आणखी एक महिना ढकलायचो. आपण मेलो तरी चालेल असं तेव्हा खरंच वाटायचं. पोरीचा विचार मात्र मी मनात येऊच दिला नाही. तो तू आणलास.

तेव्हा तू बरोबर होतीस. सगळे म्हणतात आणि मीही म्हणतो. तू चुकली असतीस तर मी दोन शिव्या घातल्या असत्या, तू चार घातल्या असत्यास, आणि वहिनीनं दोघांना जेवायला वाढलं असतं. पण तू चुकलीच नाहीस. मग मी राग नेऊ कुठं? तुझं तोंड बघितलं की मला ती गाडी दिसते, आणि मी जिवंत आहे हेही दिसतं, दोन्ही एकदम. दवाखान्यात डोळे त्यासाठीच मिटले होते.

लेक आणि बाळ येतील तुझ्याकडे. त्यांना मी अडवणार नाही. मी येणार नाही, आणि तूही येऊ नकोस.

पत्रं पाठवू नकोस. आली की वाचावी लागतात.

दादा